पाठीला माती कुणी पाहिली?

जत्रांचा हंगाम आला की कराडपासून मिरजेपर्यंतच्या चहाच्या टपऱ्यांवर एक जुना खटला नव्यानं चालू होतो. फिर्यादी असतात साठीपुढचे कुस्तीशौकीन आणि आरोपी असते गादी, म्हणजे मॅट. गादी आली आणि कुस्ती गेली, हे आरोपपत्र. पुरावेही ठरलेले. आता निकाली कुस्ती दिसत नाही, पोरं गुण मोजत बसतात, एक गुण हाती लागला की वेळ काढतात, आणि पंच कुणाचा हात वर करील ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. बचाव पक्षाला कुणी बोलू देत नाही. कानाची पाकळी मोडलेला एखादा विशीतला पोरगा ‘आबा, ऑलिंपिकला माती नसते’ एवढंच म्हणतो आणि खाली मान घालून चहा संपवतो.

आबांचा राग खरा आहे. पण माझ्या मते त्यांनी आरोपी चुकीचा धरलाय.

आधी पुरावे तपासू. गादीवर निकाल लागत नाही म्हणणाऱ्यांनी २०२३ साल आठवावं. जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षेनं महेंद्र गायकवाडला मिनिटभराच्या आत चितपट केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेखनं शिवराजला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. दोन्ही लढती गादीवरच्या. (त्याच नोव्हेंबरात दुसऱ्या संघटनेनं धाराशिवला वेगळी महाराष्ट्र केसरी भरवली. एका राज्याला एका महिन्यात दोन गदा मिळाल्या. त्यावर टपरीवर जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.) उलट मातीच्या सोन्याच्या काळात तासभर चाललेल्या आणि शेवटी बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या थोड्या नव्हत्या. १९६१ पासूनच्या महाराष्ट्र केसरीच्या यादीत काही वर्षांपुढे विजेत्याचं नावच नाही. पण बरोबरीत सुटलेली कुस्ती नातवाला कोण सांगत बसतं? आठवणीत निकालच उरतात.

‘गादी आपली नव्हे’ हा दुसरा पुरावा तर साताऱ्या-सांगलीच्या माणसानं तोंडातून काढूच नये. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा गादीची नीट सवयही नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेटमध्ये त्यांनी कांस्यपदक आणलं, आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक पुन्हा बघायला १९९६ उजाडावं लागलं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानचे मारुती माने फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेऊन आले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी स्वतःच्या वजनगटात नेमकं उलट केलं, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायची बंदी. म्हणजे पट काढायचा नाही, टांग मारायची नाही. आपल्या फडातली निम्मी विद्या घरी ठेवून हे दोघे उतरले आणि तरी पदकं घेऊन आले. मातीत अंग तयार झालेला माणूस गादीवर हरतोच असं नाही, हे सांगली जिल्ह्यानं साठ वर्षांपूर्वी दाखवून दिलंय.

तरीही काहीतरी गेलंय, आणि ते डोळ्यांना दिसतं. घिस्साच घ्या. समोरचा खाली बसलाय, वरच्यानं मागून त्याची लांग धरलीय, मानेवर कोपराचा भार दिलाय, आणि इंचाइंचानं तो त्याला फिरवतोय. दोनशे पावलांवर बसलेल्या माणसालाही खालच्याची मान कधी लवते ते कळायचं. हा डाव सबुरीचा. मातीत खाली बसलेल्या पैलवानाला कुणी उठवत नसे. दहा मिनिटं बसला तर बसला. गादीवर कपडा धरणं नियमाबाहेर, आणि वरच्याला काही सेकंदांत भारंदाज किंवा दुसरं काही जमलं नाही की पंच दोघांना उभं करतो. घिस्सा गेला तो पोरांना येत नाही म्हणून नव्हे, त्याला लागणारी पकड आणि वेळ दोन्ही नियमांनी काढून घेतले म्हणून. स्वारी या डावाचंही तसंच.

पायांची चालही बदलली. तेल, ताक, हळद आणि लिंबू पिऊन मऊ झालेल्या लाल मातीत पाऊल रुततं, त्यामुळे खडाखडी लांबायची. हात, मान, मनगट यांचं बोलणं पंधरा पंधरा मिनिटं चालायचं. गादीवर बूट घातलेला पैलवान क्षणात पटात शिरतो. एकेरी पट हा आता सगळ्या कुस्तीचा दरवाजा झालाय. सहा मिनिटं, मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. खाली घेतलं की दोन गुण, पाठ गादीकडे वळवली की दोन, उचलून फेकलं तर चार किंवा पाच, वर्तुळाबाहेर ढकललं तर एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. या हिशेबात ढाक मारायला धजावणारा पोरगा म्हणजे जुगारीच, कारण ढाक फसली तर खाली पडून दोन गुण जातात. तो पट काढतो, दोन गुण घेतो, आणि मग समोरच्याला जवळ येऊ देत नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरी खुराकाची उधारी आहे आणि नोकरीच्या अर्जाला पदकाचं प्रमाणपत्र जोडायचंय.

आता स्पर्धेच्या गोष्टीकडे येतो, कारण शौकिनाची मतं डावांवरून कमी आणि गावावरून जास्त ठरतात. सांगली हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतलं भांडण वाटणी झालेल्या भावांचं. पण दोघांचं मिळून खरं भांडण कोल्हापूरशी. ‘पोरं आमची, तालमी तुमच्या, नाव मात्र कोल्हापूरचं’ ही तक्रार मी पलूसपासून पुसेगावपर्यंत ऐकलीय. आंदळकर पुनवतचे, पण घडले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलचे, पण हेलसिंकीच्या खर्चासाठी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करणारे खर्डेकर हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य. कोल्हापूरकर हे सांगतात तेव्हा आवाजात कर्तव्य असतं, आणि कराडकर ऐकतात तेव्हा चेहऱ्यावर कर्ज. मग सांगलीकर पहिला महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी आमचा म्हणतात, भाळवणीच्या चंद्रहार पाटलानं २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोनदा गदा आणल्याची आठवण देतात, आणि शाहू महाराजांनी बांधलेलं १९१२ चं खासबाग मैदान आठवून कोल्हापूरकर पुन्हा वरचढ होतात.

एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्याला झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला हरवलं आणि २१ वर्षांनी गदा कोल्हापूरला गेली. किती फरकानं? ५-४. एका गुणानं. त्या रात्री ‘ही कसली गुणांची कुस्ती’ असं म्हणणारा एकही कोल्हापूरकर मला भेटला नाही. आपला जिंकला की गुण हे शास्त्र, आपला हरला की गुण हा कारस्थानाचा कागद. यात शौकिनाला हसण्यासारखं काही नाही. गाव मनात असल्याशिवाय कुणी चार तास उन्हात बसत नाही.

मग राग नेमका कशाचा? माझं उत्तर असं: गादीनं डाव नेले त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गुणांनी प्रेक्षकाचं काम नेलं. जत्रेच्या फडात पंच नावापुरता. निकाल लागायचा तो भोवती बसलेल्या गर्दीच्या आरोळीनं, आणि पंच नंतर हात वर करायचा. एखादा पैलवान ‘पाठ लागली नाही’ म्हणून अडून बसला, तर त्याला फिरवून उभं केलं की झालं. पाठीवरची माती हाच पंचनामा. तो सगळ्यांना वाचता यायचा, निरक्षरालाही. नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती चाललीय अशी शंका आली तर याच गर्दीनं हुर्यो करून जोड उठवली, इनाम रोखायला लावलं. जोड तोलामोलाची आहे की नाही, यावरही गर्दीचा शेरा असायचा. गादी पाठीवर काही लिहीत नाही. रेफ्री, जज आणि मॅट चेअरमन हे तिघे आपसांत खुणा करतात, फलकावर आकडा बदलतो, आणि पन्नास वर्षं कुस्ती बघितलेला माणूस शेजारच्याला विचारतो, ‘कशाचे दिले?’

सिकंदर आणि महेंद्र यांच्यातला वाद आठवा. जानेवारी २०२३ ची ती लढत गादीवरची नव्हतीच, माती विभागाची अंतिम होती. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, त्याला चार गुण मिळाले, आणि सिकंदरची पाठ तेवढी वळली होती का यावर पुढं कित्येक दिवस महाराष्ट्र भांडला. माती होती, पण माती पुरावा राहिली नव्हती, कारण प्रश्न पाठ लागण्याचा नव्हता, किती वळली याचा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराजला चितपट ठरवलं, त्यानं खांदे टेकले नाहीत म्हणत पंचाला लाथ मारली. पुढच्या लढतीत महेंद्र गायकवाड गुणावरून वाद घालत गादी सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन कुणी शहाणा करणार नाही. पण त्या आठवड्यात प्रत्येक टपरीवर मोबाइलवर ती चित्रफीत थांबवून थांबवून बघितली जात होती. हिरावलेलं पंचाचं काम शौकीन असं घरी आणून करत होता, निकालानंतर, रागानं, आणि कुणी न विचारता.

हे दुखणं फक्त आपलं नाही. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल म्हणून एक खेळ आहे, हातांनी आणि पायांनीही खेळायचा. खेळाडूंना पगार नाही. ज्याचा जो परगणा, त्याच्याकडून तो खेळतो. केरी विरुद्ध डब्लिन म्हटलं की घराघरात आपल्या कोल्हापूर-सांगलीसारखं वातावरण. २०११ च्या उपांत्य सामन्यात डोनेगॉलनं जवळजवळ सगळे खेळाडू बचावाला मागे ओढले, आणि डब्लिननं तो सामना अवघ्या ८-६ असा जिंकला. त्यानंतर ती चाल पसरत गेली. हातानं मागेपुढे चेंडू फिरवत बसायचं, धोका घ्यायचा नाही. प्रेक्षक वैतागले. शेवटी संघटनेनं डब्लिनचेच जुने प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या हाताखाली समिती नेमली आणि २०२५ पासून नियम बदलले. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन गुण, आणि प्रत्येक संघाचे तीन खेळाडू सतत समोरच्या अर्ध्या मैदानात. त्या वर्षीची अंतिम लढत केरीनं डोनेगॉलविरुद्ध जिंकली. तिथल्या शौकिनांची कुरकुर संपली असेल असं नाही, पण ती ऐकून कुणीतरी नियमाला हात लावला.

आंतरराष्ट्रीय कुस्तीचे नियम सांगलीत बसून बदलता येणार नाहीत, आणि बदलूही नयेत. मार्च २०२३ मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती जिंकली. या मुली गादीवरच वाढल्यात. मातीच्या बऱ्याच आखाड्यांनी बायकांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, गादीनं त्यांना आत घेतलं. गादी जाळा म्हणणाऱ्या आबांची नातच उद्या बूट बांधून उभी राहील, तेव्हा खटला मागे घ्यावा लागेल.

आपल्या हातात आहे ते साधं आहे. फडातला निवेदक डावाचं नाव घेऊन गर्दीला कुस्ती समजावतो. किताबी स्पर्धेतल्या निवेदकानं प्रत्येक गुणाचं कारण तसंच सांगावं. ‘लाल, बाहेरची टांग, पाठ वळली, चार.’ बस, एवढं. प्रशिक्षकानं आव्हान दिलं की पंच जी चित्रफीत बघतात, तीच त्याच क्षणी मोठ्या पडद्यावर हजारोंना दाखवावी. निकाल तोच राहील, पण तो लागताना माणसं तिथं असतील. आणि जत्रांच्या समित्यांनी मुख्य जोडीला वेळ संपल्यावर घाईनं गुणांवर लावण्याआधी थोडा दम धरावा. आखाडा अजून त्यांच्याच ताब्यात आहे, तिथं घिस्स्याला वेळ देणं नियमात बसतं.

हे सगळं मी टपरीवरच्या एका जुन्या शौकिनाला सांगून बघितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘पडदा लावा, कारणं सांगा, चांगलंच आहे. पण आधी एक करा म्हणावं. पहिल्या नंबरची जोड लागायच्या आधी ते जे दोन तास पाहुण्यांचे सत्कार चालतात ना, त्यांना सहा मिनिटांची मर्यादा घाला. आणि पंच ठेवा तिथंही.’