पावतीचा हिशेब

दुकानातून परतल्यावर पावती न वाचताच टाकून देण्याची सवय पुष्कळ घरांत असते. पावती करणारा प्रोग्रॅम एकदा स्वतः लिहून पाहिला, म्हणजे ही सवय सुटते. घरी संगणक असल्यास मुलामुलींना हा एका सायंकाळचा उद्योग होय.

प्रथम प्रत्येक वस्तूचे नाव, नग व दर यांची यादी करावी. नग आणि दर यांचा गुणाकार ही त्या ओळीची रक्कम. सर्व ओळींची बेरीज ही एकूण रक्कम. येथवर सारे सोपे आहे. खरी परीक्षा सवलतीपाशी होते.

समजा, १,००० रुपयांच्या खरेदीवर प्रथम २० टक्के व नंतर आणखी १० टक्के सूट आहे. घाईत आपण ३० टक्के धरतो आणि ७०० रुपये काढून ठेवतो. परंतु दुसरी सूट उरलेल्या ८०० रुपयांवर, म्हणजे ८० रुपयेच मिळते. द्यावे लागतात ७२० रुपये. खरी सूट २८ टक्के. म्हणून प्रत्येक सूट स्वतंत्र ओळीत छापावी. दरात वस्तू व सेवा कर धरलेला नसेल, तर तो पावतीवर दाखविलेली सूट वजा केल्यानंतरच्या रकमेवर आकारावा.

दुसरी दक्षता पैशांची. यंत्र अपूर्णांक मांडते ते अर्धा, पाव, अर्धपाव असे निम्मे निम्मे करीत. रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे जुना आणा, त्याला नेमका लिहिता आला असता. परंतु १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, आणि दहावा भाग त्याला नेमका साधत नाही. ०.१ व ०.२ यांची बेरीज अनेक संगणकभाषांत ०.३०००००००००००००००४ अशी येते! यास्तव सारा हिशेब पैशांत, पूर्णांकांतच ठेवावा. ३७ रुपये ५० पैसे म्हणजे ३,७५० पैसे. सूट काढताना पैशाचा अंश उरल्यास तो सोडावा की पुरा करावा, हा नियम आधीच ठरवावा आणि सर्वत्र तोच पाळावा. रुपये करणे ते केवळ छापतेवेळी.

शेवटी वरील १,००० रुपयांचे उदाहरण यंत्रास घालून ७२० येतात का, हे पाहावे. यंत्र सांगितलेल्या क्रमानेच चालते. क्रम सांगणारा माणूस चुकू शकतो. ती चूक पकडण्याचे साधन म्हणजे ओळीओळीने वाचता येणारी पावती. ती घरी आणावी, वाचावी आणि मगच टाकावी.