पुस्तक सुचविणाऱ्याने आधी वाचक पाहावा

वाचकहो, सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद होणारे आपण कदाचित आपल्या घरातले पहिलेच असाल. अनामत भरली, वर्गणी दिली, पावती घेतली, एवढ्याने काम संपत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि त्यांना सरकारी अनुदान मिळू लागले. तरीही पुष्कळ ठिकाणी कपाटे टेबलापलीकडे आणि वाचक टेबलाअलीकडे, अशीच व्यवस्था आहे. पुस्तक हाताळून निवडण्याची सोय नाही. मग टेबलाशी बसलेला मनुष्य जे सुचवील तेच आपले वाचन ठरते. त्याच्या हाती ही केवढी सत्ता आहे, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

ही सत्ता काही ठिकाणी कशी वापरली जाते ते पाहा. आडनाव व पत्ता वाचला जातो आणि बाबासाहेबांचे चरित्र पुढे सरकविले जाते. आजोबा गेले तरी तेच, सून गेली तरी तेच, बारा वर्षांची नात गेली तरी तेच! चरित्र थोर आहे, याविषयी दुमत नाही. परंतु देणाऱ्याने वाचक पाहिलाच नाही. त्याने जात पाहिली. दुसऱ्या मुलीला 'तुला कसल्या गोष्टी आवडतात?' असे विचारले जाते, आमच्या मुलीला विचारले जात नाही. हा अपमान सौजन्याच्या वेषात येतो, म्हणून तो चटकन ओळखू येत नाही, इतकेच.

मात्र सारा दोष त्याच्या पदरी घालून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या विहारांतील वाचनालयांतही उत्साही कार्यकर्ता आठ वर्षांच्या मुलाच्या हाती जाडजूड धम्मग्रंथ ठेवतो. मूल दोन पाने वाचते, ग्रंथ परत करते आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. वर आपणच म्हणतो की, नव्या पिढीला वाचनाची गोडी नाही!

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, हा त्यांतला दुसरा. 'त्याचा' या शब्दातच सारे आले. हे शास्त्र न शिकताही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी ते आचरून दाखविले होते. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा शाळकरी भीमराव त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याची विचारपूस केली व त्याला पुस्तके देऊ लागले, असे धनंजय कीर यांनी लिहून ठेवले आहे. पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते चरित्र १८९८ सालचे. १९५६ च्या दीक्षेपर्यंतचा मार्ग त्या भेटीपासून सुरू होतो, हे स्वतः बाबासाहेबांनीच नमूद केले आहे. केळुसकरांनी मुलगा आधी पाहिला, पुस्तक नंतर दिले.

मग कोणाला काय द्यावे? लहान मुलांना धर्मानंद कोसंबींच्या 'बुद्धलीलासारसंग्रहा'तील जातककथा मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ज्याला धाडसाची ओढ आहे त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे खुशाल द्यावा. फुरसुंगीच्या त्या पोराने कोणाचा धम्म बुडत नाही. प्रवासाचे वेड असलेल्या तरुणाला कोसंबींचे 'निवेदन' द्या. ज्ञानाच्या ओढीने गोव्यातले घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप पालथे घालणारा हा मनुष्य त्याला मित्रासारखा वाटेल. कादंबरी हवी असेल तर अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आहे. १९५९ च्या या कादंबरीची अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला वाहिलेली आहे, आणि तरीही ती प्रथम एक उत्कंठावर्धक गोष्ट आहे.

घरातील स्त्रियांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्यांना बहुधा कोणी काही सुचवीतच नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी आणलेली रद्दी वाचीत, आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. त्यातून 'जिणं आमचं' झाले. पुस्तकरूपाने ते १९८६ साली आले. ते वाचल्यावर आपल्या सासूबाई आपण होऊन जुन्या गोष्टी सांगू लागतील. मग उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) मागून आणा. चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती त्यात आहेत; कदाचित ओळखीचे गावही सापडेल. पाककृतीचे पुस्तक किंवा रहस्यकथा मागणाऱ्या सुनेला मात्र कोणी हिणवू नये. आवड हाही हक्कच आहे, आणि दिवाळी अंकांसाठी रांग लावणाऱ्या सभ्य गृहस्थांना कोणी कधी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही.

पुढच्या खेपेस टेबलाशी जाल तेव्हा मुलांना सोबत न्या. मागले कोणते पुस्तक आवडले व कोणते अर्धे टाकले, हे त्यांचे त्यांना सांगू द्या. हवे ते पुस्तक तेथे नसेल तर मागणीच्या वहीत नाव व तारीख घालून लिहा, वही नसेल तर कोऱ्या कागदावर अर्ज द्या, आणि त्याची पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका.