अभ्यासक्रम कोणास विचारून ठरवावा?

प्राथमिक शाळेंत काय शिकवावें, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. ज्यांचीं मुलें तेथें बसतात त्यांचाही आहे. सन १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन ठेवलें, त्यांत अभ्यासक्रमच सांगितला: मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतकीचें प्राथमिक ज्ञान, नीति व आरोग्य. शिक्षकही वेळप्रसंगीं नांगर धरूं शकेल असा मागितला.

आतां २०२४ सालाकडे पाहा. शालेय शिक्षणाच्या राज्य आराखड्याचा मसुदा मे महिन्याच्या उत्तरार्धांत निघाला, आणि सूचनांची मुदत ३ जूनपर्यंत! शाळांस सुट्टी, शेतकरी पेरणीच्या तयारींत. त्यानें मसुदा वाचावा केव्हां? ज्या मनुस्मृतीनें शूद्रास उपदेश नाकारला तिचाच श्लोक त्या मसुद्यांत होता. जागरूक लोकांनीं ओरड केली म्हणून तें सर्वांस कळलें. पुढें २०२५ सालीं पहिलीपासून हिंदीचे सरकारी ठराव निघाले, लोकक्षोभानंतर जूनअखेर रद्द झाले, आणि मग समिती नेमली गेली. आधीं हुकूम, मागाहून विचारपूस, ही उलटी रीत होय.

आमची मागणी साधी आहे. मसुदा गांवोगांवच्या शाळेंत ठेवा, पालकसभेंत वाचून दाखवा, पुरती मुदत द्या, आणि कोणती सूचना कां घेतली व कोणती कां टाकली तें छापा.

बंधुभगिनींनो, अशा सभेस तुम्हीही जा. तुम्ही गप्प राहिलां तर तुमच्या मुलांचीं पुस्तकें दुसरेच ठरवितील. मग दोष कोणास द्याल?