परदेशात वाढला म्हणजे पैशात वाढला?

‘अनिवासी भारतीय’ हे शब्द कानावर पडले की आपल्या डोळ्यांपुढे न्यू जर्सीतला बंगला आणि दारातली मोटार उभी राहते. त्या घरच्या मुलाला इथल्या कॉलेजात जागा मिळाली की आपण नाके मुरडतो. त्यात तथ्य नाही असे नाही. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना अशा मुलांसाठी जास्तीत जास्त १५ टक्के जागांची मुभा दिली. पुढे २०२४ मध्ये पंजाब सरकारने काका-मामांच्या नात्यावरही त्या जागा देण्याचा घाट घातला, तो न्यायालयांनीच हाणून पाडला. पैसेवाल्यांची वाट कोणी ना कोणी काढतोच!

माझे म्हणणे दुसऱ्याच मुलांविषयी आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची रया गेली. आमच्या लालबाग-परळच्या चाळींतून आणि कोकणातल्या गावांतून कितीतरी माणसे मस्कत, दोहा, कुवेतला गेली. साध्या मजुराला कुटुंब तिकडे नेणे परवडत नाही. पण फोरमन, स्टोअरकीपर, परिचारिका यांची मुले तिकडेच दहावी होतात. अशा मुलाला डॉक्टर व्हायचे असेल तर? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. त्यासाठी अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. आजोबा ज्या परळच्या केईएमसमोर जन्मभर राहिले, तिथल्या राज्याच्या जागांसाठी नातू परका! उरतात त्या अखिल भारतीय १५ टक्के जागा, नाहीतर लाखोंची फी. परका आणि तोही गरीब, असा हा दुहेरी मार आहे.

यावर तोड नाही असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांच्या परदेशस्थांसाठीच्या प्रवेश योजनेत आखाती देशांतल्या भारतीय कामगारांच्या मुलांचा हिस्सा वेगळा काढला आहे. त्यांची फी डॉलरांच्या दराने नव्हे, इथल्या मुलांसारखीच आकारतात. इंजिनिअरला जो न्याय कळला तो डॉक्टरला का कळू नये?

आमच्या वर्गातले मित्र म्हणतात, “आधीच जागा अपुऱ्या, त्यात यांना कशाला?” राग मला समजतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. जागेची किंमत मला कोणी सांगायला नको. पण बदलीवर परराज्यात गेलेल्या सरकारी नोकरांच्या आणि जवानांच्या मुलांना आपण सवलत देतोच ना? पोटासाठी समुद्रापार गेलेला वेल्डर काय हौसेने गेला? मी फुकटच्या जागा मागत नाही. गुणवत्ता यादीत त्याचेही नाव लागू द्या, एवढेच. आई-बापांचा अधिवास महाराष्ट्राचा, नोकरी आखातात आणि पगार ठरावीक मर्यादेच्या आत, असे तिन्ही दाखले असतील तर दहावीची अट शिथिल करावी.

आणि ते होईपर्यंत निदान ही अट तिकडच्या भारतीय शाळांतून मूल आठवीत असतानाच पालकांना सांगावी. नववीला आजीकडे चाळीत परत पाठवायचे की नाही, हे बापाला तेव्हाच ठरवावे लागते. बारावीनंतर कळून काय उपयोग?