सुंठीवाचून गेलेला खोकला

दिवाळी आली की फराळाची ताटे येतात आणि ताटांमागोमाग अजीर्णही येते. भाऊबिजेच्या रात्री कुणाच्या तरी घरी एखादे पोर ओकू लागते. मग वडील मंडळी सुंठ उगाळतात, आल्याचा रस मधातून चाटवतात. सकाळी पोर पुन्हा करंजीकडे हात करते आणि सारे घर एकमुखाने म्हणते, "पाहिलेत? सुंठीचा गुण!"

वाचकहो, माझे भांडण सुंठीशी नाही, या "पाहिलेत?"शी आहे.

मी मॅट्रिक झालेला एक शाळामास्तर. वैद्यकी मला कळत नाही. पण परीक्षा म्हणजे काय, हे मास्तरकीत थोडेफार कळले आहे. एकदा मुलांची सहल घेऊन एस.टी.ने आंबा घाट उतरत होतो. ज्यांना मळमळू लागले त्यांना मी आलेपाकाची एकेक वडी दिली आणि पुढच्या बाकांवर आणून बसवले. एकही मूल ओकले नाही. परत आल्यावर मी आलेपाकाचे पोवाडे गाऊ लागलो, तेव्हा शाळेच्या शिपायाने शांतपणे विचारले, "गुरुजी, गुण वडीचा की बाकाचा?"

मला उत्तर देता आले नाही.

असे उत्तर मिळवण्याची रीत मात्र आहे. थायलंडमधील डॉक्टरांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ७० गर्भवती स्त्रिया होत्या. काहींना चार दिवस रोज एक ग्रॅम आले दिले, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण आले नसलेल्या कॅप्सूल. कुणाला काय मिळाले, हे ना घेणारीला ठाऊक, ना देणाऱ्याला. आले घेणाऱ्यांची मळमळ आणि उलट्या अधिक कमी झाल्या. याला म्हणतात पास होणे! उलट, गरगर फिरणाऱ्या खुर्चीत माणसे बसवून घेतलेल्या परीक्षेत १९८२ साली आले पास झाले आणि १९९१ साली तशाच दुसऱ्या परीक्षेत नापास. अमेरिकेत कर्करोगाच्या ५७६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले. आल्याने मळमळ कमी झाली. पण गुण दिसला तो अर्ध्या आणि एक ग्रॅमचा सर्वांत अधिक. दीड ग्रॅम घेतल्याने तो वाढला नाही. "थोडे जास्तच घाला," म्हणणाऱ्या मंडळींनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

यावर काही सज्जन चिडतात. "हजारो वर्षांच्या अनुभवाची परीक्षा? हा पूर्वजांचा अपमान आहे!" त्यांनी कृपा करून चरकसंहिता उघडावी. उलटी थांबवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण तीत सांगितला आहे. जांभूळ-आंब्याची पालवी, महाळुंग, डाळिंब, ज्येष्ठमध, वाळा, लाह्या त्यात आहेत. आपली लाडकी सुंठ त्या दहांत नाही! पूर्वजांनी निवड केली होती. काही घेतले, काही बाजूला ठेवले. आम्ही मात्र सारेच डोक्यावर घेऊन नाचतो. आणि "झाडपाला" म्हणून नाक मुरडणारे तरी काय निराळे करतात? परीक्षा न घेताच निकाल लावतात तेही.

हे मी ऐटीत लिहीत नाही. माझी धाकटी तीन वर्षांची असताना एकदा रात्रभर ओकत होती. मी दर तासाला नवा काढा पाजत होतो आणि प्रत्येक उलटीनंतर "आता उतार पडेल," असे बायकोला सांगत होतो. पहाटे पोरीचे डोळे खोल गेले. रडायची, पण अश्रू येईनात. दवाखान्यात सलाइन लावले म्हणून ती वाचली. तिच्या अंगातले पाणी संपत होते आणि मी काढ्यांच्या नादात तिला घोट घोट साखर-मिठाचे पाणी पाजायलाही विसरलो होतो. त्या रात्रीचा दोष मी कोणत्याच वनस्पतीला देत नाही. तो माझ्या आंधळ्या खात्रीचा होता.

सुंठीवाचून खोकला गेला, असे आपल्याच वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. दुखणे सुंठीवाचूनही जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मग अमुक दुखणे सुंठीने गेले की सुंठीवाचून, हे तपासून पाहण्याची आम्हांला भीती का वाटावी? पोर हुशार आहे याची ज्या बापाला खात्री असते, तो त्याला परीक्षेला बसवायला कधी भीत नाही.