शिस्त पाळूनही ट्रेडर का हरतो? उत्तर फाशांच्या टेबलावर आहे

'शेअर बाजार म्हणजे जुगार' असं कुणी म्हटलं की 'शिस्त असेल तर नाही' हे उत्तर ठरलेलं असतं. पण शिस्त तर कॅसिनोतल्या मुरलेल्या खेळाडूकडेही असते. मग तो का हरतो?

दोन फाशांचा 'क्रॅप्स' हा खेळ घ्या. एकूण ३६ शक्यता, त्यातल्या सहांमध्ये बेरीज सात येते. मुरलेला खेळाडू 'पास लाइन' या साध्या पैजेवर पैसे लावतो. तिथे १०० रुपयांमागे कॅसिनोला सरासरी १ रुपया ४१ पैसे सुटतात. नवखा मात्र 'पुढच्या फेकीत सातच' या पैजेला भुलतो. ती जिंकली तर एकाला चार मिळतात. खरं तर पाच मिळायला हवेत. या फरकामुळे १०० रुपयांमागे सरासरी १६ रुपये ६७ पैसे जातात.

म्हणजे शिस्तीने काय साधलं? हरण्याचा वेग कमी झाला, इतकंच. पैज मुळातच तोट्याची असेल तर संयम, बजेट, स्टॉप-लॉस यातलं काहीही ती फायद्याची करू शकत नाही.

आता बाजाराकडे या. चांगल्या कंपनीचा शेअर वर्षानुवर्षं धरला तर त्यामागे नफा, लाभांश आणि वाढणारा धंदा असतो. हमी नाहीच, २००८ मध्ये सेन्सेक्स निम्म्याहून खाली आला होता. पण सगळे गुंतवणूकदार एकाच वेळी कमावू शकतात, कारण पैसा बाहेरून, कंपन्यांच्या कमाईतून येतो. इथे शिस्तीला अर्थ आहे. पडझडीत न विकणं, एकाच शेअरमध्ये सगळं न घालणं या सवयी तुम्हाला टेबलावर टिकवून ठेवतात आणि इथे वेळ तुमच्या बाजूने असतो.

फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तसं नाही. एकाचा नफा तो दुसऱ्याचा तोटा. वर ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी. जोखीम झाकण्यासाठी हे व्यवहार उपयोगी आहेत, पण मोबाइलवर एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन घेणारे बहुतेक जण कुठली जोखीम झाकत असतात, हा प्रश्नच आहे.

सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त, आणि सुमारे ५० हजार कोटी नुसत्या व्यवहार खर्चात गेले. समोरच्या बाजूला कमावणारे होते ते मुख्यतः परदेशी फंड आणि स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या संस्था, त्यातही अल्गोरिदम वापरणारे. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के हरले. या सगळ्यांकडे शिस्त नव्हती असं म्हणणं मला तरी पटत नाही.

गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांची गोष्ट इथे आठवते. त्यांनी १९६२ च्या 'बीट द डीलर' या पुस्तकात ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून पारडं खेळाडूकडे झुकवता येतं हे दाखवलं आणि पुढे ते शेअर बाजारात उतरले. वाटलेले पत्ते गड्डीतून कमी होतात, म्हणून मोजण्याचा उपयोग. फाशांना मात्र मागची फेक आठवत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्याच फोनवरचे विकली ऑप्शन्स मात्र सुरूच राहिले. सेबीने त्याआधीच प्रत्येक एक्स्चेंजला आठवड्यात एकाच इंडेक्सच्या एक्स्पायरीची मर्यादा घातली होती आणि नव्या इंडेक्स करारांचं किमान मूल्य १५ लाख रुपये केलं होतं. अभ्यासातला आणखी एक आकडा: तोट्यात गेलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जण खेळतच राहिले.