हृदयरोगी, वनौषधी आणि सरकारची जबाबदारी

पारंपरिक वैद्यकाचा प्रश्न निघाला की आपल्या देशात दोन तट पडतात. प्राचीन संहितांत सारे काही सिद्धच आहे, असे एक तट म्हणतो. दुसरा तट झाडपाल्याच्या औषधाकडे वळून पाहावयासही तयार नसतो. तपासून पाहण्याची गरज दोघांनाही वाटत नाही. चीनमधील एका चाचणीने या दोन्ही भूमिका खोट्या ठरविल्या आहेत.

डॉक्टर ज्याला हार्ट फेल्युअर म्हणतात, त्या विकारात हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू शकत नाही. धाप लागते, पायांवर सूज चढते, आणि अंगमेहनतीवर जगणारा माणूस कामातून जातो. या रोग्यांसाठी चीनमध्ये छीलीछ्यांगशिन नावाची कॅप्सूल वापरली जाते. तिच्यात जिनसेंग, करडईची फुले, दालचिनीच्या डहाळ्या यांसह अकरा औषधी असून वचनागाच्या जातीचे एक मूळही आहे. चीनमधील १३३ रुग्णालयांत ३,११० रोग्यांवर तिची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. सर्वांची प्रचलित आधुनिक औषधे चालू ठेवण्यात आली. त्यांच्या जोडीला निम्म्यांना ही कॅप्सूल व निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल मिळाली. सुमारे दीड वर्षात रोग बळावून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे किंवा हृदयविकाराने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांत ३० टक्के, तर औषध घेणाऱ्यांत २५ टक्के आढळले. सर्व कारणांनी झालेल्या एकूण मृत्यूंतील घट मात्र निर्णायक ठरली नाही. शिवाय हे औषध एका खाजगी कंपनीचे आहे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी ज्या शिजियाच्वांग शहरात आहे, तेथीलच ही कंपनी. तेव्हा तिच्याशी हितसंबंध नसलेल्या संशोधकांनी हे निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहणे अगत्याचे आहे.

लोकांच्या अनुभवातून औषध मिळावे, यात नवल काहीच नाही. इंग्लंडमधील विल्यम विदरिंगला डिजिटॅलिसचा सुगावा एका घरगुती काढ्यातून लागला. परंतु काढ्याची थोरवी गाऊन तो थांबला नाही. कोणत्या रोग्यास, किती मात्रेत, विषबाधेची लक्षणे केव्हा दिसतात, याची त्याने वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि १७८५ साली ती अपयशांसह प्रसिद्ध केली.

आपल्याकडे अर्जुनसादड्याची साल हृदयरोगावर पिढ्यान्पिढ्या वापरली जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत तिच्या अर्काची शंभर रोग्यांवर बारा आठवडे चाचणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयाच्या आकुंचनशक्तीत त्याने सुधारणा दिसली नाही. एवढ्यावरून साल निरुपयोगी ठरत नाही. हजारो रोग्यांची दीर्घ चाचणी व्हावयास हवी, इतकाच त्याचा अर्थ. पण संहितांतील कृतीने बनविलेल्या औषधास परवाना देताना आपला कायदा अशा चाचणीचा पुरावाच मागत नाही. मग कारखानदार तिच्यावर पैसा कशाला खर्च करील? त्याला जाहिरात पुरते.

सरकारही त्याच्याच सोयीचे वागते. हृदयरोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषधांच्या जाहिरातींना पूर्वमंजुरी सक्तीची करणारा १७० क्रमांकाचा नियम २०१८ साली आला. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने तो काढून टाकला. परंपरेचा जयघोष करणाऱ्यांनी परंपरेची परीक्षा टाळून तिचा बाजार तेवढा मोकळा केला.

याची किंमत कष्टकरी मोजतात. जोडऔषध म्हणजे मूळ औषधाला दिलेली जोड. मूळ औषधच मिळत नसेल तर जोड द्यावयाची कशाला? सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत अग्रेसर गणल्या जाणाऱ्या केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली अशा १,२०५ रोग्यांची नोंद झाली. हृदयाची आकुंचनशक्ती घटलेल्यांपैकी शास्त्रसंमत औषधोपचार पुरते मिळत होते ते जेमतेम चौथ्या हिश्श्याला. आणि नोंदलेल्यांपैकी ५९ टक्के रोगी पाच वर्षांत दगावले. ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. ती परवडत नाहीत म्हणून बंद करून जाहिरातीतल्या काढ्यावर विसंबणारा रोगी अंधश्रद्ध नसतो, तो नाडलेला असतो.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. हृदयरोगाची आवश्यक औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोफत व अखंड मिळाली पाहिजेत. वनौषधींच्या मोठ्या चाचण्या सरकारी खर्चाने, सरकारी रुग्णालयांत, मूळ उपचार न थांबविता व्हाव्यात आणि त्यांचे निष्कर्ष, अनुकूल वा प्रतिकूल, जनतेपुढे यावेत. जाहिरातींची पूर्वमंजुरी पुन्हा सक्तीची करावी. वैद्य, डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांच्या संघटनांना बरोबर घेऊन पक्षाच्या शाखांनी हा प्रश्न वस्तीवस्तीत नेला पाहिजे. आणि चालू औषध कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नये, एवढे तर प्रत्येक कार्यकर्त्याने आजच शेजारच्या रोग्यास सांगावे.